फ्यूज खिशात

त्या वस्तीत फोन उचलायची पद्धत नव्हती. फोन वाजायचा एकदा, फार तर दोनदा, आणि गप्प व्हायचा. ज्याला कळायचं त्याला तेवढ्यात कळायचं. शेतातून घरी एक रिंग गेली की जेवण पाठवा. टेम्पोवाल्याची एक रिंग आली की माल बांधावर आणून ठेवा, मी निघालो. आणि अनोळखी नंबरावरून एकच रिंग आली तर समजायचं की कोणीतरी अडलंय, त्याच्या फोनात पैसे नाहीत, आपण उलटा फोन करावा. जो करायचा नाही त्याला लोक नावं ठेवायचे. एवढी रिंग दिली, बाबाने विचारलंसुद्धा नाही, म्हणायचे.

म्हणून मागच्या थंडीत दोघा भावांतल्या थोरल्याने अशाच एका नंबराला उलटा फोन केला, त्यात त्याचं काही चुकलं असं वस्तीत कोणी म्हटलं नसतं. नंबर लांबलचक होता, पुढे अधिकचं चिन्ह. थोरल्याला वाटलं, असेल कोणी बडा व्यापारी. मोठ्या माणसाचा नंबरही मोठाच असायचा. टोमॅटोला तेव्हा कोणी विचारत नव्हतं, आणि अशा दिवसांत माणूस कशाचीही आशा धरतो. पलीकडून गाणं सुरू झालं. मग एक बाई गोड आवाजात परक्या भाषेत काहीतरी बोलली, जरा थांबा असं म्हणत असावी, आणि पुन्हा गाणं. थोरला बांधावर उकिडवा बसून, दुसऱ्या कानात बोट घालून, ते गाणं ऐकत राहिला. मध्ये एकदा "हं, आहे मी," असंही म्हणाला. फोन आपोआप बंद पडला तेव्हा बॅलन्स पार धुऊन निघाला होता.

बाजारात फोनच्या दुकानदाराला दाखवलं तर तो हसला. "चोर आहेत हे. लांब कुठल्या तरी देशातून एक रिंग देतात आणि वाट बघतात. उलटा फोन करणाराच कापला जातो. आणि एकदा केलात ना, की त्यांना कळतं इथे माणूस राहतो. आता रोज वाजवतील."

रोज वाजायला लागलाच. थोरल्याने नवीन कार्ड घेतलं आणि घरी सांगितलं, जुन्याला रेंज मिळत नव्हती. ज्या माणसाला सगळी वस्ती वाटणीच्या वादात मध्यस्थ म्हणून बोलावते, तो एका बाईचं गाणं ऐकत बसून लुबाडला गेला, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. जुनं कार्ड मात्र त्याने टाकलं नाही. चांगली वस्तू टाकणं त्याला जमायचंच नाही. कागदात गुंडाळून ते त्याने पाकिटात ठेवलं.

थोरला आणि धाकटा, दोघा भावांत विहीर एक आणि मोटारही एकच. घरं दोन, चुली दोन, बांध मध्ये. थोरल्याचे टोमॅटो वरच्या अंगाला, धाकट्याची मिरची खालच्या अंगाला. एक दिवस पाणी याचं, एक दिवस त्याचं. विहिरीच्या काठावर पत्र्याची शेड, त्यात मोटार आणि पंप, भिंतीवर स्टार्टरची पेटी. पाईपला व्हॉल्व्ह. तो फिरवला की पाणी वर, उलटा फिरवला की खाली.

उन्हाळा लागायच्या आधी दोघांनी मिळून स्टार्टरच्या पेटीत फोनवर चालणारं यंत्र बसवून घेतलं. पेटीत एक कार्ड घालायचं. त्या नंबराला एक रिंग दिली की मोटार चालू, पुन्हा दिली की बंद. लाइट गेली की आपोआप बंद. पहाटे उठून शेडपर्यंत चालत यायला नको. बसवायला आलेला मिस्त्री म्हणाला, "एक कार्ड लागेल."

"आहे माझ्याकडे," थोरला म्हणाला आणि पाकिटातून कागदाची पुडी काढली.

"दादाकडे सगळं असतं," धाकटा म्हणाला. कौतुकानेच म्हणाला तो.

"नंबर बांधून घेऊ का?" मिस्त्रीने विचारलं. "म्हणजे घरच्या चार नंबरांशिवाय दुसऱ्या कोणाच्या रिंगला उठणार नाही."

"आमचे नंबर आज एक, उद्या एक. आणि इथे परकं कोण आहे? सगळे आपलेच," थोरला म्हणाला.

दुकानदाराचं बोलणं थोरल्याला तेव्हा आठवलंच नाही. पेटीला काय, फोन उचलता येतो थोडाच, असा काहीतरी विचार मनात आला असेल तर असेल. कार्ड वाया गेलं नाही, याचंच त्याला बरं वाटलं.

उन्हाळा लागला आणि विहिरीने तळ दाखवला. रात्रभर झरा पाझरायचा, सकाळी तेवढंच पाणी. थोडा वेळ मोटार चालली की पंप हवा खायला लागायचा. वाफ्याला वाफा पुरवून पाणी द्यावं लागत होतं. माणसाचं तोंड सुकलं तर तो बोलून दाखवतो, झाड नुसतं पान मुडपतं. टोमॅटोची पानं दुपारी मुडपलेली बघितली की थोरल्याला जेवण जायचं नाही.

एका सकाळी तो आपल्या पाळीचं पाणी घ्यायला गेला तर विहीर रिकामी. खाली धाकट्याच्या मिरचीत पाणी थबथबलेलं. व्हॉल्व्ह खालच्या अंगालाच होता, आदल्या दिवशी धाकट्याची पाळी होती म्हणून.

"काल रात्री बंद करायची विसरलास का रे?" त्याने विचारलं.

"नाही दादा. संध्याकाळीच बंद केली. तुझ्यासमोर."

थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली. चार दिवस गेले आणि पुन्हा तेच. मग तर त्याने पाळतच ठेवली.

आता खरं सांगायचं तर मधल्या दिवसांत एकदा त्याच्या स्वतःच्या टोमॅटोतही सकाळी ओल होती, धाकट्याच्या पाळीच्या दिवशी. तेव्हा तो म्हणाला, मीच विसरलो असेन, आणि पायाने माती सारून पुढे गेला. धाकट्याने त्या दिवशी रिकामी विहीर बघून नुसतं "झरा आटला वाटतं," म्हटलं होतं. आपल्या वाफ्यात ओल दिसली तर ती विसर, आणि भावाच्या वाफ्यात दिसली तर ती चोरी. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण थोरला दुसऱ्यांच्या भांडणात फार छान वापरायचा.

तिसऱ्या खेपेला त्याचा तोल गेला. बांधावर टेम्पो भरत होता. टेम्पोवाला, दोन हमाल, शेजारची दोन-चार माणसं. धाकटा मिरचीची पोती उचलून देत होता.

"फोन दाखव तुझा," थोरला म्हणाला.

"कशाला?"

"दाखव म्हटलं ना."

धाकट्याने पोतं खाली ठेवलं, हात सदऱ्याला पुसले आणि फोन काढून दिला. थोरल्याने सगळ्यांसमोर त्यात बोटं घातली. पेटीच्या नंबराला पहाटे फोन गेला आहे का ते शोधलं. काहीच नव्हतं.

"खोडून टाकलंस."

"मला खोडता येत नाही दादा. तुलाच माहीत आहे."

"मग हाताने दाबतोस. पहाटे येऊन पेटीचं बटण दाबतोस. फोनात नाही म्हणजे दुसरं काय?"

धाकट्याने फोन परत घेतला. त्याचे कान लाल झाले, लहानपणी मार खाताना व्हायचे तसे. हमाल पोत्यांकडे बघायला लागले. टेम्पोवाला म्हणाला, "जाऊ द्या हो, घरातलं आहे." तसं म्हणताना त्याला गोष्ट मिळाल्याचा आनंद झाला होता.

त्याच दिवशी थोरल्याने बाजारातून पितळी कुलूप आणलं. पेटीला लावलं आणि किल्ली पायजम्याच्या नाडीला बांधली. धाकट्याला सांगितलं, "तुझ्या पाळीला फोनवर लाव, फोनवर बंद कर. पेटीला हात लावायचं काम नाही."

"त्यात फ्यूज आहेत दादा."

"मोटार बिघडली तर मी आहे ना."

फ्यूजची गोष्ट त्या घरात सगळ्यांना पाठ होती. वडलांची शिस्तच होती ती. मोटारीचं काही काम असलं की आधी तिन्ही फ्यूज पेटीतून काढायचे आणि खिशात घालायचे. बटण बंद आहे, मेन बंद आहे, हे ऐकून घ्यायचे नाहीत. "फ्यूज खिशात, मग हात मोटारीत," म्हणायचे. एकदा थोरल्याने फ्यूज काढून शेडच्या भिंतीवर ठेवले होते तर त्यासाठीसुद्धा मार बसला होता. भिंतीवर ठेवलेला फ्यूज दुसरा कोणी बसवू शकतो, खिशातला नाही. थोरला हे शिकला होता आणि त्यानेच धाकट्याला शिकवलं होतं.

कुलूप लागल्यावर दुसऱ्या दिवशी धाकट्याची पाळी. ऊन चढलं होतं. थोरला ओसरीवर जेवायला बसला होता. आई कोपऱ्यात भिंतीला टेकून शेंगा सोलत होती. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून सगळे तिच्यासमोर काहीही बोलायचे. धाकट्याची बायको अंगणात येऊन उभी राहिली, पाय चिखलाने भरलेले. घरात दोघांत एकच फोन, तो तिच्या हातात होता.

"भावजी, किल्ली देता का जरा? मोटारीच्या दांड्यापाशी पाणी गळतंय. पंप हवा धरतोय, पाणी उचलतच नाही. नट आवळायचे म्हणतात. आत्ताच मोटार बंद केली."

"बंद केली ना? मग किल्ली कशाला?"

"फ्यूज काढायला."

थोरल्याने घास घेतला. चावून गिळेपर्यंत तिला उभं ठेवलं. मनात आलं होतं त्याच्या की द्यावी. पण पायजम्याची नाडी सैल करायची, गाठ सोडायची, तेही धाकट्या भावजयीसमोर, आणि काल लावलेलं कुलूप आज उघडायला द्यायचं म्हणजे बोललेलं सगळं गिळल्यासारखं.

"जेवण झालं की येतो मी. तोवर थांबायला सांग."

"लाइट जाईल हो एवढ्यात."

"येतो म्हटलं ना."

ती गेली. थोरलीने आतून भात आणून वाढला आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं. त्याने मान वर केली नाही. हात धुतले, आणि मुद्दाम नव्हे, पण जरा पाठ टेकली. जरा म्हणता म्हणता बराच वेळ गेला. मग मनाला काहीतरी टोचायला लागलं म्हणून उठला आणि विहिरीकडे निघाला.

तो बांधावर पोहोचला आणि मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. पाठोपाठ धाकट्याचा.

थोरला धावला. शेडमध्ये धाकटा गुडघ्यांवर होता, उजवा हात मोटार आणि पंपाच्या मधल्या फिरत्या चाकात, आणि त्याची बायको त्याला कमरेला धरून मागे ओढत होती. पाना लांब उडून पडला होता. थोरल्याने पेटीकडे झेप घेतली, कुलूप हातात धरलं, दुसऱ्या हाताने नाडीची गाठ ओढायला लागला. गाठ आणखी आवळली. बोटं घामाने निसटत होती. त्याने कुलूपच ओढून बघितलं, पितळी कुलूप ते, चांगलं बघून आणलेलं. मग कुठे त्याला खिशातला फोन आठवला. त्याने पेटीच्या नंबराला रिंग दिली. एक रिंग. पेटीत टक् झालं आणि मोटार थांबली.

धाकट्याने हात बाहेर काढला. त्याने हाताकडे बघितलं नाही, थोरल्याकडेही नाही. भिंतीकडे बघत होता, तोंड पांढरंफटक. थोरल्याने टॉवेल गुंडाळला, तो भिजला, त्यावर बायकोने पदर गुंडाळला.

"मी नाही हो लावली," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "फोन माझ्या कमरेलाच आहे. बघा. मी नाही लावली."

कोणीच लावली नव्हती. थोरल्यानेही लावली नव्हती. धाकट्याचे दोन्ही हात कामात, फोन त्याच्या बायकोच्या कमरेला, पेटीला कुलूप, किल्ली थोरल्याच्या नाडीला. टेम्पोवाल्याला फोन करून बोलावलं, मिस कॉल नाही, खरा फोन, आणि धाकट्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मधली दोन बोटं डॉक्टरांनी काढली. अंगठा आणि बाकीची वाचली.

संध्याकाळी थोरला एकटा परत आला. बादलीने शेड धुतली. मग चाकूने नाडी कापली, कुलूप उघडलं, आणि पेटीतलं कार्ड काढून आपल्या फोनात घातलं. विहिरीच्या काठावर बसून राहिला. जे त्याला कळलं होतं ते खोटं निघावं म्हणून तो तिथे बसला होता. बराच वेळ फोन गप्प होता, आणि त्याचा जीव भांड्यात पडायला लागला होता. मग फोन वाजला. एक रिंग. पुढे अधिकचं चिन्ह, लांबलचक नंबर.

हातातला फोन विहिरीत टाकावा असं त्याला वाटलं. टाकला असता तर कोणाला कधीच कळलं नसतं. पण त्याने कार्ड काढलं आणि त्याच जुन्या कागदात गुंडाळलं.

घरी आई अजून ओसरीवर होती. तो जवळून जाताना ती म्हणाली, "ती पोरगी किल्ली मागायला आली होती."

थोरला थांबला.

"ऐकू येत नाही मला," आई म्हणाली. "दिसतं."

त्या दिवसापासून थोरला दोन माणसांचं काम करायला लागला. मिस्त्रीला बोलावून नवीन कार्ड घातलं, घरचे नंबर बांधून घेतले. तो आधी मिरचीला पाणी द्यायचा, मग उरलं तर टोमॅटोला. टोमॅटो अर्धे वाळले. मिरची तोडायला सकाळी बसायचा तो पाठ मोडेपर्यंत, हाताची आग पाण्यात घातली तरी जायची नाही. त्याला ती आग बरी वाटायची. थोरली डबा बांधून द्यायची, तो घेऊन दवाखान्यात जायचा. जाताना सगळं बोलणं जुळवून जायचा. धाकट्या, ते कार्ड माझं होतं. एवढं एकच वाक्य. ते तोंडातून निघायच्या आधी धाकटाच काहीतरी बोलायचा.

"दादा, मिरची जगली का?"

"जगली."

"तुझे टोमॅटो?"

"आहेत."

"माझीच चूक झाली बघ. फ्यूज न काढता हात घातला. वडील असते तर डाव्या हाताला मारलं असतं, उजव्याला जागा नाही म्हणून." आणि तो हसायचा. थोरला डब्याचं झाकण लावत बसायचा, लागलेलं झाकण पुन्हा लावायचा. परत येताना ते वाक्य तसंच बरोबर घेऊन यायचा.

त्याने कधीतरी बोलायला हवंच होतं, पण बोलायला लावलं ते टेम्पोवाल्याने. माल भरता भरता तो सहज म्हणाला, आणि थोरल्याला बरं वाटावं म्हणूनच म्हणाला, "काय आहे ना, चोरीचं पाणी पचत नाही माणसाला. तुम्ही त्या दिवशी बोललात तेच खरं निघालं. पुन्हा गेला असेल बटण दाबायला, आणि गेली बोटं. वस्तीत सगळे तेच म्हणतात."

थोरल्याने हातातलं पोतं टेम्पोत ठेवलं. टेम्पो निघून गेला. मग दिवसभर त्याचं लक्ष कशात लागेना. सगळे तेच म्हणतात, म्हणजे ते त्यानेच बोललेलं. आता धाकटा गावातून दोन बोटं कमी घेऊन फिरणार आणि लोक त्या हाताकडे बघून म्हणणार, हा बघा पाणीचोर.

पुढच्या खेपेला टेम्पो आला तेव्हा तो हमालांना म्हणाला, "थांबा जरा. ऐकून घ्या." आणि त्याच जागी, त्याच माणसांसमोर, त्याने सांगितलं. लांबलचक नंबर, उलटा फोन, पाकिटातलं कार्ड, पेटीत घातलेलं. धाकट्याने एक थेंब चोरला नाही. मोटार परदेशातले चोर लावत होते, आणि त्यांना दार मी उघडून दिलं होतं.

थोडा वेळ कोणाला समजेचना. मग एका हमालाने विचारलं, "म्हणजे गाणं ऐकत होता तुम्ही?"

"हो."

"किती वेळ?"

"फोन बंद पडेपर्यंत."

"आणि ती बाई काय म्हणत होती?"

"मला काय कळणार? परकी भाषा."

टेम्पोवाल्याने आधी तोंड दाबलं आणि मग त्याला राहवलंच नाही. सगळे हसले. वस्तीच्या पंचाने बाईचं गाणं ऐकायला अख्खा बॅलन्स जाळला, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत घरोघर गेली. थोरलीने रात्री ताट वाढताना विचारलं, "आवाज गोड होता म्हणे?" त्याने खाली मान घालून जेवण केलं. लाजेने कान तापले होते, पण खूप दिवसांनी त्याला पोट भरून जेवण गेलं. त्याला वाटलं, फिटलं.

धाकटा घरी आला होता. एके दिवशी हाताला जाड पट्टी घेऊन तो विहिरीवर आला. थोरला शेडमध्येच होता. दांड्यापाशी पुन्हा पाणी गळत होतं. त्या दिवशी आवळायचे राहिलेले नट कोणी आवळलेच नव्हते, तिकडे हात न्यायची थोरल्याची छाती झाली नव्हती. मोटार त्याने नुकतीच बंद केली होती.

"बरं झालं आलास," थोरला म्हणाला. "तुला सांगायचं होतं. ऐकलं असशीलच तू."

"ऐकलं." धाकटा हसला. "गाण्याचं होय? मीपण केला होता एकदा तसा फोन."

"तू?"

"मागच्याच वर्षी. मला तर गाणंही नाही लागलं, नुसतंच टूं टूं. पैसे गेले. तुला सांगितलं नाही, तू ओरडशील म्हणून." तो विहिरीच्या काठावर टेकला. "त्याचं काय मनाला लावून घेतोस? मिस कॉल आला तर माणूस फोन करणारच. मूर्खपणा कोणाचाही होतो दादा."

थोरल्याच्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं. तेवढ्यात धाकटा पुढे म्हणाला, त्याच आवाजात, आवाज न चढवता,

"किल्ली मागितली होती मी."

थोरल्याला काहीतरी बोलायचं होतं. जेवत होतो, हे बोलता येत नव्हतं. येतच होतो, हेही नाही. सगळ्या वस्तीसमोर जे सांगितलं ते सांगायला सोपं होतं, हे त्याला आत्ता कळलं. हसण्यावारी जाणारं होतं ते. हे कोणी हसण्यावारी नेणार नव्हतं, आणि हे त्याने कोणाला सांगितलंही नव्हतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुझ्या बायकोला उभं ठेवलं मी. द्यायची नव्हती म्हणून दिली नाही."

धाकट्याने मान हलवली. हो म्हणायला की नाही, ते कळलं नाही. त्याने डावा हात पुढे केला.

"दे."

कुलूप अजून पेटीलाच होतं. काढावं असं थोरल्याला रोज वाटायचं, आणि काढलं तर ते कशासाठी लावलं होतं ते पुन्हा आठवेल म्हणून तो रोज राहू द्यायचा. त्याने खिशातून किल्ली काढून दिली. धाकटा उठला. डाव्या हाताने त्याला किल्ली नीट फिरवता येईना. एकदा निसटून खाली पडली. थोरला वाकायला गेला.

"राहू दे."

धाकट्याने स्वतःच वाकून ती उचलली, पट्टीच्या हाताने कुलूप भिंतीला दाबून धरलं, आणि पुन्हा लावली. घाम आला त्याच्या कपाळावर. कुलूप उघडलं तेव्हा त्याने ते किल्लीसकट विहिरीत टाकलं. मग पेटीत हात घालून एकेक करून तिन्ही फ्यूज ओढून काढले आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकले. खिसा वजनाने खाली ओढला गेला.

पाना भिंतीशी पडला होता. धाकट्याने तो पायाने थोरल्याकडे सरकवला.

"मला पाना धरता येत नाही अजून," तो म्हणाला. "हात तू घाल."

थोरला मोटारीपाशी गुडघ्यांवर बसला. चाकाच्या खाचेत काळपट काहीतरी वाळलेलं राहिलं होतं, इतकं धुऊनही. त्याने एकदा वळून धाकट्याच्या खिशाकडे बघितलं. मग वळून बघितल्याचीच त्याला लाज वाटली, आणि त्याने हात आत घातला.